मुक्तछंदाची विसरलेली कवयित्री

मराठी कवितेत मुक्तछंद कुणी आणला, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे : कवी अनिल. उत्तर बरोबर आहे. आत्माराम रावजी देशपांडे म्हणजेच अनिल (१९०१–१९८२) यांनी ‘प्रेम आणि जीवन’ (१९३५) आणि पाठोपाठ ‘भग्नमूर्ति’ (१९४०) या रचना मुक्तछंदात लिहिल्या. वृत्ताच्या मापात न बसणारी ओळही कविताच असते, हे त्यांनी मराठी वाचकाला पटवून दिलं. पण कवीनं आणला म्हणून नवा छंद रुजतोच असं नाही. तो ऐकून घेणारा कान समाजापाशी आधीपासून असावा लागतो. ओळ मध्येच आखूड झाली किंवा लांबत गेली, तरी लय सुटलेली नाही हे त्या कानाला कळावं लागतं. मराठी माणसाचा हा कान कुणी घडवला, याचा माग काढत गेलं की वाट पुण्यातल्या मासिकांच्या कचेऱ्यांतून निघून थेट भोर-वेल्ह्याच्या डोंगरात जाते.

हा मुलूख सगळ्यांना ठाऊक आहे तो किल्ल्यांमुळे. वेल्ह्यात राजगड आणि तोरणा आहेत. त्या राजगडाचंच नाव आता या तालुक्याला मिळालं आहे. भोरला रोहिडा आणि रायरेश्वर आहेत. गुंजवणी, कानंदी, वेळवंडी, नीरा या नद्यांची खोरी म्हणजे इतिहासातली गुंजण मावळ, हिरडस मावळ ही नावं. पावसाळ्यात इथे डोंगर दिवसेंदिवस ढगातून बाहेर येत नाहीत. शेतं उताराची, पिकं भात, नाचणी आणि वरईची. इथल्या पुरुषांची नावं बखरींत आणि पोवाड्यांत आली. त्याच घरांतल्या बायका रोज पहाटे जात्यावर बसून जे रचत होत्या, त्याची नोंद मात्र फार काळ कुणी केली नाही. मराठी मुक्तछंदाच्या इतिहासात एक विसरलेली कवयित्री आहे आणि ती ही आहे. तिला एक नाव नाही, कारण ती एक बाई नाही.

मुक्त कशापासून?

मुक्तछंद नेमका कशापासून मुक्त झाला, हे आधी पाहू. मराठी कवितेला मोजमापाच्या तीन पद्धती वारशानं मिळाल्या. पहिली संस्कृतातून आलेली अक्षरगणवृत्तांची. इथे अक्षरांची संख्या ठरलेली असते आणि कोणतं अक्षर लघु, कोणतं गुरू हेही ठरलेलं असतं. शार्दूलविक्रीडितात प्रत्येक चरणाला १९ अक्षरं लागतात, आणि त्यांचा लघु-गुरूंचा क्रम एका जागीही बदलून चालत नाही. दुसरी पद्धत मात्रावृत्तांची. तिथे अक्षरं कमीजास्त होऊ शकतात, पण लघूची एक आणि गुरूची दोन अशा मात्रांची बेरीज जुळावी लागते. मोरोपंतांची आर्या या पद्धतीतली. तिसरी पद्धत अक्षरछंदाची : लघु-गुरूचा हिशेब सोडून फक्त अक्षरं मोजायची. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांना सहा-सहा आणि शेवटच्याला चार अक्षरं असतात. ओवी याच कुळातली, पण ती अक्षरांच्या संख्येलाही काटेकोरपणे बांधलेली नाही.

वाईट अर्थानं नव्हे, पण पहिल्या दोन पद्धती लिहिणाऱ्यांच्या आहेत. त्या शिकाव्या लागतात, त्यासाठी गुरू आणि पोथी लागते. तिसरी बोलणाऱ्यांची आहे. मराठी बोलण्याची स्वतःची चाल तिच्यात सर्वांत कमी मोडते. एक साधं वाक्य घ्या : ‘पाऊस थांबला आणि मग डोंगर दिसला.’ यात कविता करण्याचा कसलाही हेतू नाही. तरी श्वास थांबतो तिथे वाक्य तोडलं, तर तीन ओळी मिळतात.

पाऊस थांबला
आणि मग
डोंगर दिसला

अक्षरं मोजली तर सहा, चार आणि सहा भरतात. कुणी ठरवून केलेलं नसताना मराठी वाक्य सहाच्या आणि चारच्या गटांत पडतं. आता हेच वाक्य दुसरीकडे तोडून पाहा.

पाऊस
थांबला आणि
मग डोंगर दिसला

शब्द तेच आहेत, क्रमही तोच. पण पहिल्या मांडणीत पाऊस थांबल्यावरचा क्षण ‘आणि मग’पाशी ताणून धरला जातो, दुसरीत तो हरवतो. मुक्तछंदाचं सगळं शास्त्र या छोट्या फरकात आहे. वृत्ताचं माप गेलं म्हणजे शिस्त गेली, असं होत नाही. ओळ कुठे तोडायची, कोणता शब्द पुन्हा आणायचा, कुठे श्वास घ्यायचा, याची जबाबदारी आता दर ओळीला कवीवर येते. वृत्तात लिहिताना ती जबाबदारी बरीचशी वृत्तच उचलतं.

साडेतीन चरणांचा मोकळेपणा

ओवीचं वय मोठं आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या १२व्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी १२९०ची. म्हणजे ओवी ज्ञानेश्वरीत येण्याच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी ती बायकांच्या तोंडी होती, आणि ही गोष्ट राजाच्या ग्रंथात नोंदवण्याइतकी सर्वांना माहीत होती. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथातल्या महदंबेनं रुक्मिणीस्वयंवरावर धवळे रचले. तिला आपण मराठीची आद्य कवयित्री मानतो. ते धवळेही लग्नातल्या बायकांच्या गाण्याच्या घाटाचे, ओवीशी सख्खं नातं सांगणारे आणि अक्षरसंख्येत सैल आहेत.

ज्ञानेश्वरांनी ओवी घेतली तेव्हा तिचा हा सैलपणा त्यांनी काढून टाकला नाही. ज्ञानेश्वरीची ओवी साडेतीन चरणांची आहे. पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक जुळतं आणि चौथा चरण आखूड, यमकाविना सुटतो. पहिल्या तीन चरणांत किती अक्षरं असावीत याचा नियम नाही. काही ओव्यांचे चरण चार-पाच अक्षरांत आटोपतात, काही दहाच्या पुढे जातात. विचार लांबला की चरण लांबतो. आणि शेवटचा अर्धा चरण कानाला सारखी सवय लावत राहतो : जोडी जुळलीच पाहिजे असं नाही, वाक्य असंही संपू शकतं. सातशे वर्षं वारकऱ्यांच्या पारायणांतून, कीर्तनांतून आणि घरोघरच्या वाचनातून हा कान तयार होत होता. मराठीतला सर्वांत पूज्य ग्रंथ ज्या छंदात आहे, त्या छंदाला काटेकोर माप नाही, हे मुक्तछंदाच्या चर्चेत फार कमी वेळा सांगितलं जातं.

जात्यावरची ओवी याहून वेगळी आहे, ग्रंथातल्या ओवीची ती थोरली बहीण. साधारणपणे तिच्या दोन ओळी असतात आणि प्रत्येक ओळीचे दोन भाग पडतात. दोन्ही ओळींची अखेर यमकानं जुळते. पहिला भाग बहुधा आठ-नऊ अक्षरांचा, दुसरा त्याहून थोडा आखूड. पण हे माप कागदावरचं. गाताना एखाद्या बाईला नातवाचं लांबलचक नाव त्यात बसवायचं असेल, तर ती अक्षरं भरभर म्हणून टाकते. शब्द कमी पडले तर एकच स्वर ताणते, किंवा ‘बाई’, ‘गं’, ‘सये’ असे शब्द घालून जागा भरते. ओळीला लागणारा वेळ जवळजवळ तोच राहतो, अक्षरं मात्र बदलतात. वृत्तात अक्षरं स्थिर असतात आणि अर्थाला त्यांच्याशी जुळवून घ्यावं लागतं. ओवीत अर्थ आधी येतो आणि अक्षरं त्याच्यासाठी दाटीवाटीनं किंवा ऐसपैस बसतात.

जात्यापाशी घडणारी कविता

भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर वीज आणि पिठाची गिरणी उशिरा पोचली. तोवर भाकरीचं पीठ घरीच दळावं लागे : नाचणीचं, तांदळाचं, वरईचं. काम पहाटेचं. दिवस उगवला की पाणी, गुरं, शेत, सरपण, पोरं यांची रांग लागलेली असायची. दोघी समोरासमोर बसल्या की एकाच खुंट्याला दोघींचे हात लागत. सासू-सून, नणंद-भावजय, जावा-जावा, कधी शेजारीण. जात्याला वैरण घातली की दगड जड चाले. दाणा भरडला गेला की तो हलका होई. हाताची गती बदले तसा आवाजही सैल किंवा घट्ट होई. एक बाई ओवी सांगे, दुसरी ती उचलून पुन्हा म्हणे. उचलताना एखादा शब्द बदले आणि तिथून पुढची ओवी सुरू होई.

ज्या चालीवर ओवी म्हटली जाते तिला बायका ‘गळा’ म्हणतात. गळा गावागावाचा वेगळा, आणि एकाच गावात दोन-तीनही असतात. ओवीचा पहिला भाग पुष्कळदा सगळ्यांच्या मालकीचा असतो : तोच मुळशीत, तोच वेल्ह्यात, तोच घाटाखाली. दुसऱ्या भागात बाई स्वतःचं घालते. तिच्या भावाचं गाव, तिला मिळालेलं किंवा न मिळालेलं लुगडं, मुंबईला कामाला गेलेला नवरा, मेलेलं मूल. राम-सीता, पंढरी आणि माहेर हे विषय सगळ्या महाराष्ट्राचे. पण सीतेचा वनवास गाताना ती बाई आपल्या सासरविषयी जे बोलते, ते घरात दुसऱ्या कुठल्या जागी बोलता आलं नसतं.

आपण ज्याला आज मुक्तछंदाची वैशिष्ट्यं म्हणतो त्यांतली बहुतेक इथे आहेत. ओळीचा पहिला तुकडा थोडासा बदलून पुन:पुन्हा आणणं, आणि त्या पुनरावृत्तीनं लय उभी करणं. कुणाला तरी थेट हाक मारून बोलणं. रोजच्या बोलण्यातला शब्द न सजवता तसाच ठेवणं. श्वासाच्या मापानं ओळ ठरवणं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे स्वतःच्या जगण्यातली बारीक गोष्ट कवितेच्या लायकीची मानणं. दोन गोष्टींत ओवी वेगळी आहे, हेही सांगितलं पाहिजे : तिला यमक आहे आणि तिला गळा आहे. मुक्तछंदानं यमक सोडलं, गाणंही सोडलं. तो कागदावर आला, एकट्यानं वाचायचा झाला. म्हणून ओवीला मुक्तछंद म्हणता येणार नाही. पण मुक्तछंद ज्या मोकळेपणावर उभा आहे तो मराठीला आधीपासून येत होता, आणि तो तिनं जात्यापाशी शिकला होता.

अनिलांच्या आधी आणि नंतर

लिहिलेल्या कवितेत हा मोकळेपणा टप्प्याटप्प्यानं आला. केशवसुतांनी (१८६६–१९०५) १८९२मध्ये इंग्रजीतला चौदा ओळींचा घाट मराठीत आणला आणि परंपरेबाहेरची रचनाही मराठीत खपते हे दाखवलं. एकनाथ पांडुरंग रेंदाळकर (१८८७–१९२०) यांनी यमक नसलेल्या, म्हणजे निर्यमक कवितेचा आग्रह धरला. यमकाशिवायही कविता उभी राहते, हे सांगण्यासाठी त्यांना बरीच टीका सोसावी लागली. आज त्यांचं नावही फारसं घेतलं जात नाही. सावरकरांनी ‘वैनायक’ नावाचं निर्यमक वृत्त घडवलं. माधव जूलियनांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात मराठीतल्या सगळ्या छंदांची तपासणी केली. अनिलांच्या आधी यमकाची गाठ सुटली होती. ओळीच्या लांबीची सुटायची राहिली होती.

अनिल विदर्भातले, मूर्तिजापूरचे. शिक्षण पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात, नोकरी न्यायखात्यात. ‘फुलवात’ (१९३२) हा त्यांचा पहिला संग्रह छंदोबद्ध आणि गेय कवितेचा आहे. म्हणजे वृत्त जमत नाही म्हणून ते मुक्तछंदाकडे वळले नाहीत. ‘भग्नमूर्ति’त त्यांना संस्कृतीविषयीचं दीर्घ चिंतन मांडायचं होतं, ‘निर्वासित चिनी मुलास’मध्ये (१९४३) युद्धात घर गमावलेल्या एका परक्या मुलाशी बोलायचं होतं. असं चिंतन आणि असं बोलणं एकाच मापाच्या चरणांत कोंबलं की गुदमरतं. त्यांच्या मुक्तछंदात ओळ लांब-आखूड होत राहते, पण आतलं लयीचं आवर्तन सुटत नाही. मोठ्यानं वाचलं की ते लगेच कळतं. नंतरच्या काळात लय जवळजवळ गद्याच्या पातळीवर आणणारी कविता आली. अनिलांचा मुक्तछंद तसा नाही. त्याच्यात मराठी अक्षरछंदाची नाडी चालू आहे. ना. ग. जोशी यांनी ‘मराठी छंदोरचना’ (१९५५) आणि ‘मराठी छंदोरचनेचा विकास’ (१९६४) या ग्रंथांत मराठी छंदांचा विचार लयीच्या अंगानं केला. त्या अंगानं पाहिलं की ओवी, अभंग आणि मुक्तछंद यांच्यात तुटकपणा उरत नाही.

अनिलांनी मावळातल्या एखाद्या बाईची ओवी ऐकून मुक्तछंद लिहिला, असा दावा कुणी करू नये. त्यांच्यापुढे इंग्रजी कविता होती, रवींद्रनाथ होते. प्रभाव एका कवीकडून दुसऱ्या कवीकडे जातो तसा तो भाषेतूनही जातो. जी भाषा पिढ्यान्‌पिढ्या पहाटे ओवीत बोलली गेली, तिचे तुकडे कसे पडतात, तिचा श्वास कुठे थांबतो, हे त्या भाषेत जन्मलेल्या प्रत्येक कवीला न शिकता मिळतं. ते त्याला दिलं कुणी, तर त्याच्या आजीनं आणि आजीच्या आजीनं.

एक योगायोग मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘भग्नमूर्ति’ आली त्याच सुमारास साने गुरुजींनी घरोघरच्या बायकांकडून गोळा केलेल्या ओव्या ‘स्त्रीजीवन’ या नावानं छापल्या. मराठीतला सर्वांत नवा छंद आणि सर्वांत जुना छंद एकाच वेळी छापील पानावर आले. पण एकाचं स्थान काव्याच्या इतिहासात नक्की झालं, दुसऱ्याचं लोकसाहित्यात. ही विभागणी इतकी पक्की झाली की दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत, असं सहसा कुणाला सुचलं नाही.

पुढे मर्ढेकरांनी ‘काही कविता’मध्ये (१९४७) यंत्रयुगातल्या माणसाची घुसमट सांगायला ओवी आणि अभंग हेच घाट निवडले. सर्वांत आधुनिक आशयाला सर्वांत जुना छंद पुरला. शरच्चंद्र मुक्तिबोधांच्या ‘नवी मळवाट’नं (१९४९) मुक्तछंदाला सामाजिक धार दिली. १९५२मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ निघाली आणि अक्षरओळख नसलेल्या एका शेतकरी बाईनं जात्यावर, शेतात काय रचलं होतं हे पाहून मराठी वाचक थक्क झाला. नारायण सुर्वे १९६२च्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’पासून कामगाराच्या बोलण्यातली लय मुक्तछंदात घेऊन आले. पुणे जिल्ह्यातल्याच खेड तालुक्यातल्या पूर गावचे नामदेव ढसाळ यांनी ‘गोलपिठा’त (१९७२) मुक्तछंद अशा ठिकाणी नेला, जिथे त्याआधी मराठी कविता पोचलीच नव्हती. या सगळ्यांत साम्य एकच आहे : यांतला प्रत्येक जण बोलल्या जाणाऱ्या मराठीकडे परत गेला.

पॅरिसची मारी आणि मावळातली बाई

मुक्तछंदाचा जागतिक इतिहास सांगताना वॉल्ट व्हिटमनच्या ‘लीव्ह्‌ज ऑफ ग्रास’पासून (१८५५) सुरुवात करतात. व्हिटमनच्या लांब ओळी कोऱ्या आकाशातून पडल्या नाहीत. चर्चमध्ये मोठ्यानं वाचल्या जाणाऱ्या इंग्रजी बायबलमध्ये एक वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगण्याची लय आहे, ती त्याच्या ओळींत ऐकू येते. सभांमधल्या वक्तृत्वाची लयही ऐकू येते. म्हणजे इंग्रजी मुक्तछंदाच्या मुळाशीही बोललं गेलेलं, ऐकलं गेलेलं काहीतरी आहे. तिथे ते धर्मग्रंथाचं वाचन होतं. मराठीत ते ओवी आणि अभंग होते. हिंदीत निरालांनी १९१६च्या सुमारास ‘जुही की कली’ लिहून मुक्तछंदाची वाट धरली, तेव्हा त्यांच्या मागेही कवित्त छंदाची, म्हणजे मोठ्यानं म्हणायच्या कवितेची परंपरा होती.

फ्रान्समधली गोष्ट आपल्या विषयाला आणखी जवळची आहे. तिथे मुक्तछंदाचा जनक म्हणून गुस्ताव्ह काहनचं नाव घेतलं जातं. त्याचा संग्रह १८८७चा. पण त्याच्या काही वर्षं आधी, १८८२पासून, मारी क्रिसिन्स्का (१८५७–१९०८) ही वॉर्सात जन्मलेली स्त्री पॅरिसच्या नियतकालिकांत वृत्तमुक्त कविता छापत होती. ती संगीत शिकलेली होती. ‘शा न्वार’ या प्रसिद्ध मद्यगृहात ती पियानो वाजवून कवितांना चाली लावी. तिचा संग्रह १८९०मध्ये आला, काहनच्या नंतर, आणि जनकाचा मान त्याच्याकडे गेला. आपण आधी लिहिलं, हे ती हयातभर सांगत राहिली. अलीकडच्या संशोधकांनी तिचं म्हणणं मान्य केलं, पण शंभर वर्षं निघून गेल्यावर.

मारी क्रिसिन्स्काला निदान भांडता आलं. तिच्या हाती छापलेलं पान आणि तारीख होती. भोर-वेल्ह्याच्या बाईपाशी दोन्ही नव्हतं. अभंगाच्या शेवटी संत स्वतःचं नाव गुंफतात. जनाबाई दळण-कांडण करणारी होती, पण तिच्या अभंगांत तिची नाममुद्रा आहे, म्हणून सातशे वर्षांनंतरही आपण तिला ओळखतो. जात्यावरच्या ओवीत असं नाव नसतं. बापाचं, भावाचं, लेकाचं नाव त्यात येतं. गाणारीचं येत नाही. साहित्याचा इतिहास नावांवर चालतो, आणि ज्यांनी नाव घातलं नाही त्यांचा वाटा त्यात धरला जात नाही.

नावं मिळाली

ही उणीव भरून काढण्याचं मोठं काम पुणे जिल्ह्याच्या याच डोंगरपट्ट्यात सुरू झालं. फ्रान्समध्ये जन्मून पुण्यात स्थायिक झालेले गी प्वातव्हँ (१९३४–२००४) आणि पुण्याच्या हेमा राईरकर हे दोघे मुळशी, मावळ, वेल्हे, भोर या भागांत गरीब डोंगरी संघटनेच्या कामात होते. गावातल्या बायकांशी हक्कांविषयी, रेशनविषयी, मजुरीविषयी बोलणं चाले, तेव्हा त्या बोलता बोलता ओवी सांगत. पुस्तकी प्रश्नाला जे उत्तर मिळत नव्हतं, ते ओवीतून मिळत होतं. मग त्या गावांतल्याच कार्यकर्त्या बायकांनी ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. काम वाढत वाढत महाराष्ट्रभर पसरलं. हजारांवर गावांतल्या तीन हजारांहून अधिक बायकांच्या सुमारे एक लाख दहा हजार ओव्या जमा झाल्या. बर्नार बेल या संगीत-अभ्यासकानं त्यांचा संगणकीय संग्रह आणि ध्वनिमुद्रणाचं काम पुढे नेलं. २०१७पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्या सगळ्यांना वाचता-ऐकता येऊ लागल्या.

या संग्रहाचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम म्हणजे त्यात ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. बाईनं स्वतः जे नाव घातलं नाही, ते ऐकणाऱ्यानं जपलं. त्यामुळे आता ओवी ‘परंपरेनं चालत आलेली’ एवढंच म्हणून सोडून देता येत नाही. अमुक गावच्या अमुक बाईनं जुनी ओळ घेऊन तिच्यात काय बदललं, हे दाखवता येतं. आणि बदल दाखवता आला की तिला गायिकेबरोबर कवयित्री म्हणणंही भाग पडतं. डॉ. आंबेडकरांवरच्या शेकडो ओव्या या संग्रहात आहेत. त्या अर्थातच फार जुन्या नव्हेत. म्हणजे विसाव्या शतकात, अनिल आणि मर्ढेकर लिहीत होते त्याच काळात, जात्यापाशीही नवी कविता होत होती. नव्या विषयाला जुना छंद कसा वळवायचा, हा प्रश्न दोन्हीकडे एकच होता.

गिरणी आली तसं जातं थांबलं, आणि ते बरंच झालं. पहाटेच्या त्या कष्टांचं कौतुक करणं सोपं आहे. ते ज्यांनी केले त्यांना गिरणीनं रोजची झोप आणि खांद्यांची सुटका दिली. पण श्रम संपला तसं रोज रचण्याचं ठिकाणही संपलं. आता जातं बाहेर येतं ते लग्नाच्या हळदीला आणि घाणा भरायला. ज्या बायकांनी वर्षानुवर्षं रोज ओवी रचली, त्या आता सत्तरीच्या पुढे आहेत.

म्हणून भोर-वेल्ह्याच्या शाळांत आणि महाविद्यालयांत एक साधं काम आज करता येण्यासारखं आहे. मुलांनी घरातल्या आजीची ओवी फोनवर ध्वनिमुद्रित करावी, खाली तिचं पूर्ण नाव आणि गाव लिहावं. मग वर्गात ती अनिलांच्या कवितेशेजारी मोठ्यानं वाचावी. ओळ कुठे तुटते, श्वास कुठे घेतला जातो, कोणता तुकडा परत येतो, हे मुलांनी मोजावं. मुक्तछंद म्हणजे काय हे त्यांना कुठल्याही व्याख्येपेक्षा लवकर समजेल. आणि मराठी कवितेचा इतिहास पुन्हा लिहिला जाईल तेव्हा मुक्तछंदाच्या प्रकरणाची सुरुवात १९३५पासून करून भागणार नाही. अनिलांचं श्रेय त्यानं तसूभरही कमी होत नाही. त्यांनी कागदावर जो मोकळेपणा आणला, तो शतकानुशतकं बायकांनी आवाजात सांभाळला होता. त्या बायकांना लोकसाहित्याच्या प्रकरणातून काढून कवींच्या प्रकरणात बसवणं, हे आता आपल्याकडून त्यांना देणं आहे.